गिरणगावातील खानावळी आणि उधारीचे अर्थकारण

मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास मालकांच्या भांडवलाच्या आणि कामगारांच्या संपांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. परंतु गिरणीत राबणाऱ्या एकट्या पुरुषांना महिनाभर उधारीवर जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांनी या उद्योगाला जो पतपुरवठा केला, त्याची नोंद त्या मानाने फारच तुटपुंजी आहे. १९७५ साली लालबाग-परळ भागातील अशा १४ बायकांनी राष्ट्रीयीकृत बँकेकडून प्रत्येकी १,५०० रुपयांचे कर्ज मिळवले आणि त्यातून प्रेमाताई पुरव यांच्या नेतृत्वाखाली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. सूक्ष्म वित्तपुरवठा, म्हणजे मालमत्तेचे तारण न मागता गरिबांना लहान रकमांची कर्जे देण्याची पद्धत, भारतात ज्या घटनांमधून रुजली त्यांत या घटनेची गणना होते. मात्र या बायकांकडे केवळ गरजू कर्जदार म्हणून पाहिले तर घटनेचा अर्धाच अर्थ हाती लागतो. बँकेच्या दारात ऋणको म्हणून उभी राहिलेली ही स्त्री आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत कित्येक वर्षे धनको होती, आणि तिने दिलेल्या उधारीवर कोणी तिला व्याजाचा एक पैसाही दिलेला नव्हता.

कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवच्या गिरणीची उभारणी हाती घेतली आणि १८५६ पासून तेथे सूत निघू लागले. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी, दादर असा गिरण्यांचा पट्टा, म्हणजेच गिरणगाव, पसरत गेला आणि त्याची एक शाखा शीवच्या पलीकडे चुनाभट्टीजवळच्या स्वदेशी मिलपर्यंत पोचली. या गिरण्यांना लागणारे मनुष्यबळ मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून आणि त्याखालोखाल सातारा, कोल्हापूर, पुणे या घाटावरच्या जिल्ह्यांतून येत असे. येणारा बहुधा पुरुषच असे, कारण गावाकडचा जमिनीचा तुकडा कसण्यासाठी, घर राखण्यासाठी आणि म्हाताऱ्यांना सांभाळण्यासाठी बायको मागे राहत असे, आणि मुंबईच्या मजुरीत सगळे बिऱ्हाड शहरात पोसणे शक्यही नव्हते. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे होत्या, यावरून या एकाकी स्थलांतराचे प्रमाण लक्षात येते. एकेका गावचे किंवा वाडीचे पुरुष मिळून चाळीत एखादी खोली भाड्याने घेत, तिला गाळा म्हणत; आपापल्या ट्रंका भिंतीला लावून ठेवीत आणि पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने तेथे झोपत. झोपण्याची सोय अशी लागली तरी जेवणाचा प्रश्न उरत असे, आणि त्या प्रश्नातूनच खानावळीचा धंदा जन्माला आला.

खानावळ या शब्दाने आज पाटी लावलेले, बाकडी मांडलेले दुकान डोळ्यांपुढे येते. गिरणगावातील खानावळ मात्र बहुतेक वेळा चाळीतली एक राहती खोलीच असे. त्या खोलीत कुटुंब राहत असे, त्याच खोलीत पहाटे चूल पेटत असे, आणि त्याच जागेत दहापासून तीसपर्यंत पुरुष पंगतीने जेवून जात किंवा डबे भरून नेत. खानावळ चालवणारी स्त्री विधवा असे, नवऱ्याने टाकलेली असे, किंवा तिच्या नवऱ्याची नोकरी सुटलेली अथवा तो छातीच्या विकाराने घरी बसलेला असे. पुष्कळ घरांत नवरा कमावता असूनही त्याच्या पगारात भागत नसल्यामुळे बायको चार-सहा माणसे जेवायला ठेवीत असे. खानावळींचे वाटप गाव, जात आणि धर्म यांनुसार झालेले होते: मालवणी-रत्नागिरीकडच्या माणसाला भात आणि सुक्या बोंबलाचे कालवण लागे, घाटावरच्याला ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी लागे, आणि दलित कामगारांना सवर्णांच्या पंगतीत जागा नसल्यामुळे त्यांच्या खानावळी वेगळ्या असत. गिरण्यांच्या सुतखात्यांत जातिभेद जसा पिण्याच्या पाण्यापाशी दिसे, तसाच तो जेवणाच्या पंगतीतही टिकून होता, ही गोष्ट गिरणगावच्या एकजुटीचे वर्णन करताना झाकून ठेवणे योग्य नाही.

या धंद्याकडे स्त्रिया वळण्याचे आणखी एक कारण गिरण्यांतच शोधावे लागते. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत स्त्रियांचा वाटा सुमारे एक-पंचमांश होता आणि त्या मुख्यतः वाइंडिंग व रीलिंग, म्हणजे सूत कांडीवर किंवा फाळक्यावर गुंडाळण्याच्या खात्यांत काम करीत. रात्रपाळीला स्त्रियांना कायद्याने बंदी होती, १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्याने बाळंतपणाचा भत्ता मालकावर टाकला होता, आणि कमी माणसांत अधिक यंत्रे चालवण्याच्या धोरणाची कुऱ्हाड या खात्यांवरही पडली. परिणामी पुढील चार दशकांत गिरणीतील स्त्रियांची संख्या घटत घटत नगण्य झाली. प्रसूतीचा भत्ता द्यावा लागू नये म्हणून स्त्रीला कामावरूनच दूर ठेवायचे, ही मालकांची वृत्ती या घसरणीत स्पष्ट दिसते. गिरणीच्या फाटकातून बाहेर पडलेल्या किंवा आत कधीच शिरू न शकलेल्या या स्त्रिया गिरणीसाठीच काम करीत राहिल्या, फक्त त्यांचे नाव हजेरीपटावर नव्हते.

खानावळीचे खरे अर्थकारण पगाराच्या तारखेत दडलेले होते. मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याने होत असे आणि तोही महिना संपल्यानंतर काही दिवस हातचा राखून दिला जात असे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने हजारापेक्षा कमी कामगारांच्या कारखान्यात सातव्या दिवसापर्यंत आणि त्याहून मोठ्या कारखान्यात दहाव्या दिवसापर्यंत पगार देणे बंधनकारक केले. त्याआधी हा विलंब याहूनही अधिक असे. म्हणजे महिन्याच्या पहिल्या तारखेला कामाला लागलेल्या नव्या माणसाच्या हातात, कायदा पाळला गेला तरी, जवळजवळ चाळीस दिवसांनी पहिला पैसा पडे. तेवढे दिवस तो माणूस जेवत होता, पाळ्या करीत होता, गिरणीसाठी कापड विणत होता, आणि त्याच्या जेवणाचा खर्च खानावळवाली आपल्या पदरचा घालीत होती. मालक कामगाराला जे वेतन उशिरा देत होता, ते खानावळवाली त्याला अन्नाच्या रूपाने आगाऊ देत होती असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. बदली कामगाराची, म्हणजे कायम कामगार गैरहजर राहिला तरच काम मिळणाऱ्या माणसाची, स्थिती याहून कठीण होती. त्याला महिन्यात किती पाळ्या मिळतील याचा भरवसा नसे, त्यामुळे त्याच्या खात्यावरची बाकी पुढच्या महिन्यावर, पुढच्या महिन्याची त्याच्या पुढच्यावर ढकलली जाई. शिमग्याला, गणपतीला किंवा लावणीच्या दिवसांत माणूस गावी गेला की त्याच्या परतण्यापर्यंत खाते तसेच राहत असे.

खानावळवालीपाशी स्वतःचे भांडवल नसल्यामुळे ही उधारी ती दुसऱ्यांकडून उसनवारी करून चालवीत असे. वाणी तिला धान्य उधार देई, पण रोखीच्या गिऱ्हाइकापेक्षा चढ्या भावाने आणि अनेकदा हलक्या प्रतीचे. रोख रकमेसाठी मारवाडी पेढी होती आणि गिरणीच्या फाटकाशी पगाराच्या दिवशी काठी घेऊन उभा राहणारा पठाण सावकार होता. रुपयाला दरमहा एक आणा हा व्याजदर कामगारवस्तीत सर्रास चाले. एक आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, त्यामुळे हा दर वर्षाला शेकडा ७५ होतो, आणि अडचण मोठी असली तर दोन आण्यांनी, म्हणजे शेकडा दीडशेने, पैसे घ्यावे लागत. प्रथम पायातले पैंजण आणि तांब्या-पितळेची भांडी, नंतर डोरले, अशा क्रमाने गहाणवट चाले. अशा रीतीने व्याज भरून आणलेला पैसा खानावळवाली बिनव्याजी उधारीत गुंतवीत होती, आणि या दोन टोकांमधला सगळा तोटा तिच्या श्रमातून व घरातल्या मुलांच्या ताटातून भरून निघत होता. तिच्या उधारीचे फळ मुंबईपुरते नव्हते हेही ध्यानात घ्यावे लागते. कोकणातल्या घरी दर महिन्याला जी मनीऑर्डर पोचत असे ती पोचू शकली, कारण मुंबईत त्या माणसाचे जेवण भागवून घेणारे कोणीतरी होते. कमी पावसाच्या वर्षी किंवा घरातल्या लग्नाच्या वेळी मनीऑर्डर मोठी गेली की खानावळीची बाकी वाढत असे. ग्रामीण गरिबांच्या अर्थव्यवस्थेचा एक आधार अशा प्रकारे लालबागच्या चाळीत होता.

संपाच्या काळात हा आधार किती भार पेलत होता ते उघड होते. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सहा महिने चाललेला सार्वत्रिक संप, ज्यातून लाल बावटा गिरणी कामगार युनियन पुढे आली, किंवा त्यानंतरचे लहानमोठे संप, यांच्या वर्णनांत सभा, मोर्चे, गोळीबार आणि वाटाघाटी यांना जागा मिळते. संपकरी त्या काळात काय जेवत होते याचा विचार मात्र क्वचितच होतो. काही कामगार गावी जात, युनियन धान्य वाटे, पण शहरात राहून पहारा देणाऱ्या, सभांना जाणाऱ्या संपकऱ्याला खानावळच जगवीत असे. १९७४ चा गिरणी संप ४२ दिवस चालला. या संपात खानावळवाल्या बायकांनी दागिने आणि भांडी गहाण टाकून आपल्या माणसांना जेवू घातले, आणि संप मिटल्यावर वाटाघाटींच्या कागदांत त्यांच्या थकबाकीचा उल्लेखही झाला नाही. कामगार चळवळीने या स्त्रियांना आपल्या इतिहासाच्या परिघाबाहेर ठेवले ही चळवळीची गंभीर उणीव होती. ज्या युनियनने कामगाराच्या प्रत्येक आण्याचा हिशेब मागितला, तिने आपल्याच संपाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला हे विचारले नाही.

या स्त्रियांना पैसे उभे करण्याचे अन्य मार्ग माहीत नव्हते असे नव्हे. भिशी, म्हणजे ठरावीक बायकांनी दरमहा सारखी रक्कम जमवून ती चिठ्ठीने किंवा बोलीने एकीला देण्याची पद्धत, गिरणगावात घरोघरी होती. परंतु भिशीची रक्कम वर्षातून एकदाच हाती येई, आणि खानावळवालीला तर दर आठवड्याला वाण्याची बाकी चुकवावी लागे. गिरण्यांमधून कामगारांच्या सहकारी पतपेढ्या निघाल्या होत्या, पण त्यांचे सभासदत्व पगारातून हप्ता कापता येईल अशांनाच मिळत असे. जवळच गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्याचा जो उद्योग लोहाणा निवासाच्या गच्चीवर सुरू केला, तो पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड म्हणून देशभर पोचला. त्या संस्थेत पीठ संस्थेचे, विक्री संस्थेची आणि लाटणावळ रोजच्या रोज, अशी रचना असल्यामुळे लाटणाऱ्या बहिणीवर उधारीचा बोजा कधीच पडला नाही. खानावळीच्या धंद्याला हा नमुना लागू होण्यासारखा नव्हता, कारण तिचा ग्राहकच महिन्याने पगार मिळणारा होता. उधार न देणारी खानावळ गिरणगावात चाललीच नसती.

बँकेपर्यंतची वाट दोन स्वतंत्र घडामोडींनी मोकळी केली. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि १९७२ साली केंद्र सरकारने विभेदक व्याजदर योजना आणली; अत्यल्प उत्पन्नाच्या लोकांना इतरांपेक्षा वेगळ्या, म्हणजे वर्षाला अवघ्या शेकडा ४ दराने, तारणाशिवाय छोटी कर्जे देण्याची ही योजना होती. दुसरीकडे १९७२ च्या दुष्काळानंतर भाववाढीने कळस गाठला आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांतील नेत्यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन होऊन हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. किशोरवयात गोवा मुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या आणि नंतर मुंबईत कम्युनिस्ट पक्षाच्या व गिरणी कामगार युनियनच्या कामात असलेल्या प्रेमाताई पुरव या वातावरणातून घडल्या होत्या. त्यांचे पती दादा पुरव हे बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे नेते होते; राष्ट्रीयीकृत बँकेच्या दप्तरात गरिबांसाठी कोणती तरतूद पडून आहे आणि ती मिळवण्यासाठी कोणता अर्ज भरावा लागतो, ही माहिती चाळीपर्यंत येण्याला या घरातील दोन चळवळींचा मेळ कारणीभूत झाला असावा, असे मानण्यास जागा आहे.

कर्जाची रक्कम आणि दर यांचा हिशेब मांडून पाहिला म्हणजे या घटनेचे मोल कळते. १,५०० रुपयांवर शेकडा ४ दराने वर्षाचे व्याज ६० रुपये होते. तेच पैसे रुपयाला महिना एक आणा या जुन्या दराने घेतले असते तर व्याज १,१२५ रुपये झाले असते. या फरकातून खानावळवालीला वाण्याची जुनी बाकी फेडून रोखीने, घाऊक भावाने धान्य घेणे शक्य झाले, आणि तिची कमाई वाढली ती प्रामुख्याने या रोख खरेदीमुळे, जेवणाचे दर वाढवल्यामुळे नव्हे. बँकेपुढे अडचण होती ती हमीची. खोली नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, दागिने गहाण, धंद्याला परवाना नाही, सही करता येत नाही, अशा स्त्रीला कशाच्या आधारावर कर्ज द्यायचे, या प्रश्नाला मंडळाने दिलेले उत्तर म्हणजे एकाच वाडीतील, एकमेकींची उधारी आणि उलाढाल ठाऊक असलेल्या बायकांचे गट आणि त्यांची परस्परांची हमी. अर्ज भरणे, रेशनकार्ड दाखवणे, फोटो काढणे, बँकेत खाते उघडणे आणि हप्ता वेळेवर जाईल यावर लक्ष ठेवणे ही कामे मंडळाच्या कार्यकर्त्या, ज्या स्वतःच बहुधा खानावळवाल्या असत, करू लागल्या. काही वर्षांतच सभासदांची संख्या हजारांत गेली.

तरीही कर्ज मिळाले म्हणजे दारिद्र्य सरले असे झाले नाही. जाना एव्हरेट आणि मीरा सावरा या अभ्यासकांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी मुंबईतील गरिबांना मिळणाऱ्या बँक कर्जांचा अभ्यास करताना त्यांचा लाभ स्त्रियांना कितपत होतो हाच प्रश्न पुढे ठेवला होता. खानावळवालीचा दिवस पहाटेपासून रात्रपाळीचे जेवण संपेपर्यंत चाले आणि कर्जाने त्यातला एकही तास कमी होत नव्हता. मुलगी शाळा सोडून भाकरी थापायला बसत असे ती बसतच राहिली. मंडळाने बायकांचे आजार, दारू पिणाऱ्या नवऱ्याची मारहाण, मुलींचे शिक्षण हे विषय हाती घेतले ते याच अनुभवातून, आणि दादर व वाशी येथील केंद्रांमधून सामूहिक स्वयंपाक, डबे, प्रशिक्षण आणि निवासाची सोय अशी कामे विस्तारत गेली. कर्जवाटपाच्या जोडीला ही कामे उभी केली यात मंडळाचे खरे शहाणपण होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. या वेळी उधारीला ४२ दिवसांची मर्यादा नव्हती. महिने लोटले तशी माणसे गावी गेली, आणि त्यांतली बरीचशी परत आली नाहीत. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि वहीत लिहिलेल्या बाक्या बुडाल्या. पतपुरवठ्याची कोणतीही योजना ज्या ग्राहकावर उभी असते तो ग्राहकच नाहीसा झाला की कमी व्याजदरही धंदा वाचवू शकत नाही, हे गिरणगावाने फार मोठी किंमत देऊन पाहिले. ज्या खानावळी टिकल्या त्या कार्यालयांतील नोकरदारांना डबे पुरवू लागल्या. अनेक कामगारांच्या बायकांनी उलट याच काळात घर चालवण्यासाठी पोळ्या लाटून देणे, घरकाम, भाजीविक्री अशी कामे प्रथमच धरली.

सूक्ष्म वित्तपुरवठ्याचा आरंभ सांगताना सहसा बांगलादेशातील जोब्रा गावात १९७६ साली झालेल्या आणि पुढे १९८३ मध्ये ग्रामीण बँकेचे रूप घेतलेल्या प्रयोगाकडे बोट दाखवले जाते. भारतातील आधीचे दोन प्रयत्न, १९७४ ची अहमदाबादची सेवा बँक आणि १९७५ चे अन्नपूर्णा महिला मंडळ, हे दोन्ही कापड गिरण्यांच्या शहरांत आणि कामगार चळवळीच्या कुशीतून निघाले, या योगायोगाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळही याच सुमारास, २४ फेब्रुवारी १९७५ रोजी, स्थापन झाले. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम घेतल्यानंतर बचत गट हा शब्द गावोगावी पोचला. या नव्या रचनेत स्त्रियांनी आधी स्वतः बचत करायची आणि मग त्या बचतीच्या पटीत कर्ज मिळवायचे असा क्रम आला, आणि व्याजदर ४ टक्क्यांच्या कितीतरी वर गेले. गिरणगावच्या बायकांनी मागितलेले कर्ज हा सार्वजनिक पैशावरचा हक्क होता. पुढच्या काळात त्याच गटपद्धतीचा उपयोग खासगी वित्तसंस्थांनी वसुलीची हमी म्हणून केला, हा बदल गरिबांच्या बाजूने झाला असे म्हणवत नाही. प्रेमाताईंच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ पासून पुण्याच्या वस्त्यांतील भाजीविक्रेत्या स्त्रियांमध्ये अन्नपूर्णा परिवार उभा करताना कर्जाला आरोग्यासाठीच्या परस्पर साहाय्य निधीची जोड दिली, ती आईच्या कामाचे मर्म ओळखून. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली.

बंद गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याची मागणी दीर्घ लढ्यानंतर मान्य झाली आणि म्हाडाने गिरणी कामगारांसाठी पहिली मोठी सोडत २०१२ साली काढली. त्या घरावर हक्क सांगण्यासाठी गिरणीच्या पटावर आपले किंवा आपल्या वडिलांचे, नवऱ्याचे नाव असल्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांच्या वहीत त्याच पटावरील माणसांची वर्षानुवर्षांची बाकी लिहिलेली होती, त्या खानावळवाल्या स्त्रियांना त्यांनी चालवलेल्या धंद्याच्या नात्याने असा अर्ज करण्याची तरतूद त्या योजनेत नाही.